मोठं नाव की चांगली टीम? दोन ऑफर लेटर समोर ठेवून केलेला हिशोब

भाच्याचा फोन आला, "मामा दोन ऑफर आहेत, पॅकेज जवळपास सेम आहे, एक घरात सगळ्यांना माहितीये आणि दुसरीचं नाव आईला तीन वेळा सांगितलं तरी लक्षात राहत नाहीये, काय करू?" पोराला चार वर्षांचा अनुभव, जावामध्ये काम करतो, सध्या पुण्यातच आहे. एक ऑफर हिंजवडीच्या फेज ३ मधल्या मोठ्या सर्व्हिस कंपनीची (दुसऱ्या कंपन्यांची सॉफ्टवेअरची कामं करून देणारी) आणि दुसरी बाणेरमधल्या दीडशे माणसांच्या प्रॉडक्ट कंपनीची (स्वतःचं सॉफ्टवेअर बनवून विकणारी). मी स्वतः दोन्ही प्रकारच्या ठिकाणी मिळून सोळा वर्षं काढलीत त्यामुळे त्याला फोनवर जे बडबडलो तेच इथे जरा नीट लिहितोय, म्हणजे अशाच पेचात कोणी असेल तर उपयोग होईल.

पहिली गोष्ट, कंपनीचं नाव आणि कंपनीतलं वातावरण या दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि आपण त्या एकाच पाकिटात असल्यासारख्या विकत घेतो. नावाचा उपयोग ऑफिसच्या बाहेर होतो, वातावरणाचा ऑफिसच्या आत. माझे वडील किर्लोस्करवाडीला होते, तेव्हा या दोन्ही गोष्टी खरंच एकत्र यायच्या. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातल्या माळरानावर कारखाना काढला तेव्हा कामगारांसाठी घरं बांधली, गावच वसवलं, त्यामुळे "वाडीला लागला" म्हटलं की नोकरी, घर, पोरांची शाळा सगळं त्यात आलं. आज हिंजवडीत तसं नाहीये. एकाच कंपनीत, एकाच मजल्यावर, एक टीम सहा वाजता निवांत घरी जाते आणि पलीकडची टीम रात्री अकराला अमेरिकेच्या कॉलवर असते, आणि ओळखपत्राची दोरी दोघांच्या गळ्यात एकाच रंगाची.

आता मोठ्या नावाची बाजू आधी घेतो, कारण लोक तिला उगाच हसतात. बँकेत जाऊन बघा. पर्सनल लोन देताना बँकांकडे कंपन्यांच्या कॅटेगरी असतात, तुमची कंपनी वरच्या यादीत असेल तर व्याजदर कमी आणि कागदपत्रांची कटकट कमी, यादीतच नसेल तर तोच पगार असूनही मॅनेजर चष्म्यातून बघतो. भाड्याचं घर घेताना मालक विचारतो कुठे कामाला, नाव ऐकून डिपॉझिटची घासाघीस कमी होते. लग्नाच्या बायोडेटाचं तर बोलायलाच नको, मुलीकडच्यांना "प्रॉडक्ट कंपनी" समजावून सांगण्यापेक्षा टीसीएस म्हणणं सोपं. आणि पुढची नोकरी शोधताना रिक्रुटर रेझ्युमेवर नावच शोधत असतात, हे कितीही चुकीचं असलं तरी आहे तसं आहे. तेव्हा मोठं नाव एकदा तरी रेझ्युमेवर असावं, या मताचा मी आहे.

पण ते नाव फार वर्षं वाढत जात नाही. पहिल्या दोन-तीन वर्षांत जेवढं चिकटायचं तेवढं चिकटतं. त्यानंतर समोरचा विचारतो काय केलंस, आणि तिथे बेंचवर म्हणजे प्रोजेक्टशिवाय बसून काढलेले महिने आणि चौथ्यांदा केलेला तोच सपोर्ट प्रोजेक्ट नावामागे लपत नाही. बेंचचं पण आता पूर्वीसारखं राहिलं नाही. टीसीएसने जून २०२५ पासून वर्षात किमान २२५ दिवस बिलेबल म्हणजे क्लायंटकडून पैसे येणाऱ्या कामावर पाहिजेत असा नियम केला, म्हणजे कामाच्या दिवसांतले बेंचला उरले ३५, आणि जुलैमध्ये साधारण २ टक्के म्हणजे १२ हजारांच्या आसपास माणसं कमी करणार असं जाहीर केलं. आमच्या पिढीने "एकदा टाटात लागलं की बघायला नको" हे ऐकत मोठं होणं आणि आता ही बातमी वाचणं, जरा वेळ लागला पचायला. ऑनसाइटचं म्हणजे परदेशात क्लायंटकडे जाऊन काम करायचं आमिषही पातळ झालंय, सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने एच-१बी या तिथल्या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जावर १ लाख डॉलरची फी लावली, तेव्हा मुलाखतीत कोणी "ऑनसाइट ऑपॉर्च्युनिटी" म्हणालं तर कुठल्या देशात आणि कधी, हे विचारायचं आणि उत्तर ऐकायचं.

छोट्या कंपनीचं उलटं आहे. नाव नाही, त्यामुळे तिला माणूस ओढायला दुसरं काहीतरी द्यावं लागतं, एक तर पैसा किंवा काम किंवा माणसं. चांगल्या छोट्या कंपनीत चार वर्षांच्या पोराला आख्खं मोड्यूल हातात मिळतं, कस्टमरशी थेट बोलायला मिळतं, काही फुटलं तर कोणी फोडलं ते सगळ्यांना माहिती असतं आणि त्याच्याने माणूस झपाट्याने शिकतो. वाईट छोट्या कंपनीत हेच सगळं मिळतं आणि वर मालकाचा मेहुणा एचआर असतो. "आम्ही इथे फॅमिलीसारखे राहतो" हे वाक्य मुलाखतीत आलं की मी सावध होतो, कारण घरात ओव्हरटाइम मागायची पद्धत नसते.

ईसॉपचं, म्हणजे कर्मचाऱ्याला ठरलेल्या भावाने कंपनीचे शेअर घ्यायचा जो हक्क मिळतो त्याचं पण इथेच सांगतो. भाच्याच्या छोट्या ऑफरमध्ये पगाराशिवाय वर ईसॉप होते आणि तो ते पगारात धरून बसला होता. इन्फोसिसने नव्वदच्या दशकात कर्मचाऱ्यांना शेअर दिले आणि त्यातून पुण्या-बंगळुरात लोकांची घरं झाली ही खरी गोष्ट आहे, पण इन्फोसिस १९९३ मध्ये शेअर बाजारात आली होती, तिथे विकायला जागा होती. लिस्ट न झालेल्या कंपनीचा ईसॉप म्हणजे कागद, वर्षभर तर तो हातात येतच नाही, बहुतेक ठिकाणी पूर्ण मिळायला चार वर्षं, आणि घेताना भाव वाढलेला असेल तर बऱ्याचदा विकण्याआधीच टॅक्स भरावा लागतो. माझ्या हिशोबात त्याची किंमत शून्य धरायची, नंतर काही आलं तर दिवाळी. मोठ्या कंपनीच्या ऑफरमध्ये पण असाच फुगवटा असतो, फक्त वेगळ्या नावाने, व्हेरिएबल पे म्हणजे कामगिरीवर कमी-जास्त होणारा पगार, आणि सीटीसीत म्हणजे कंपनीने दाखवलेल्या एकूण वार्षिक पॅकेजमध्ये धरलेली ग्रॅच्युइटी म्हणजे बेसिकच्या ४.८१ टक्के, जी पर्मनंट माणसाला पाच वर्षं काढल्याशिवाय एरवी मिळत नाही. दोन्ही ऑफर आधी हातात येणाऱ्या पगारावर आणा आणि मग शेजारी ठेवा.

आता महत्त्वाचं. वातावरण चांगलं की वाईट हे बाहेरून कळणार कसं?

बहुतेक जण ग्लासडोर नाहीतर एम्बिशनबॉक्स या कंपन्यांचे रिव्ह्यू देणाऱ्या साइट उघडतात, रेटिंग बघतात, ४.१ दिसलं की खूश. मी एका कंपनीत जॉइन झालो (नाव सांगत नाही) तेव्हा इंडक्शनच्या दुसऱ्या दिवशी एचआरच्या बाईंनी चाळीस जणांना सांगितलं लॅपटॉप उघडा आणि कंपनीबद्दल चार चांगली वाक्यं लिहा, स्क्रीनशॉट मेल करा. आम्ही लिहिलं, कॅन्टीन छान आहे वगैरे, तोपर्यंत कॅन्टीनमध्ये एकदाच पोहे खाल्ले होते. तेव्हापासून मी रेटिंग बघतच नाही, तारखा बघतो. एकाच आठवड्यात पंधरा पाच-स्टार आले असतील तर ते इंडक्शनचं पीक. वाचायचे असतील तर तीन-स्टारवाले वाचा, त्यांना ना कोणाला खूश करायचं असतं ना राग काढायचा असतो. कंपन्या मिरवतात त्या 'ग्रेट प्लेस टू वर्क' सर्टिफिकेटच्या बोर्डाबद्दल पण एवढंच माहिती ठेवा की त्यात कर्मचाऱ्यांचा सर्व्हे खरंच होतो पण कंपनी स्वतः पैसे भरून त्यात उतरते, तेव्हा बोर्ड नाही म्हणजे वाईट असं अजिबात नाही.

अॅट्रिशनचा, म्हणजे वर्षात किती टक्के माणसं सोडून गेली त्याचा आकडा जास्त कामाचा, पण तोही नीट वाचायला लागतो. जून २०२२ च्या तिमाहीत इन्फोसिसचा २८.४ टक्के होता, त्याच वर्षी सप्टेंबरच्या तिमाहीत टीसीएसचा २१.५. दोन वर्षांनी दोघींचा १२-१३ वर आला. मग काय दोन वर्षांत मॅनेजर सुधारले? बाहेरचं मार्केट थंड पडलं, जायला जागा नव्हती, माणसं बसून राहिली. थांबलेला माणूस आणि अडकलेला माणूस आकड्यात सारखाच दिसतो. म्हणून एका वर्षाचा आकडा न बघता त्याच वर्षात तशाच दुसऱ्या कंपनीचा किती होता ते शेजारी ठेवा, मग फरक कळतो.

कंपनी लिस्टेड असेल तर आणखी एक सोय आहे जी फार कोणी वापरत नाही. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या नियमाने बाजारमूल्याने पहिल्या १००० लिस्टेड कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर नावाचा रिपोर्ट द्यावा लागतो, कंपनीच्या वेबसाइटवर नाहीतर वार्षिक अहवालात सापडतो. त्यात पर्मनंट कर्मचाऱ्यांपैकी किती सोडून गेले ते तीन वर्षांचं, पुरुष-बायका वेगवेगळं असतं, बाळंतपणाच्या रजेवरून किती जणी परत आल्या आणि त्यातल्या किती वर्षभराने टिकल्या ते असतं, लैंगिक छळाच्या तक्रारी किती आल्या ते असतं. माझ्या बायकोने मागच्या वेळी नोकरी बदलताना फक्त हा टिकण्याचा रकाना बघितला होता, करिअर पेजवरच्या हसऱ्या फोटोंपेक्षा तिला तो पुरला.

छोट्या कंपनीचा असा रिपोर्ट नसतो, पण तिथे दुसरी युक्ती. पीएफच्या म्हणजे ईपीएफओच्या साइटवर एस्टॅब्लिशमेंट सर्च आहे, त्यात कंपनीचं नाव टाकलं की दर महिन्याला पीएफ कधी भरला आणि किती माणसांचा भरला ते दिसतं. तारखा मागेपुढे होत असतील तर पगारही होत असणार, आणि माणसं १८० वरून १५० वर आली असतील तर मुलाखतीत "वी आर ग्रोइंग फास्ट" म्हणणाऱ्याला विचारता येतं की कुठल्या दिशेने.

एवढं झाल्यावर शेवटी माणसाशीच बोलावं लागतं. दोन्हीकडे एकच प्रश्न विचार असं मी भाच्याला सांगितलं, "माझ्या जागी आधी कोण होतं आणि ते का गेलं?" एचआरला नाही, ज्याच्या हाताखाली काम करायचं त्याला. मोठ्या कंपनीत बऱ्याचदा अडचण ही की ऑफर येईपर्यंत तुमचा मॅनेजर कोण तेच ठरलेलं नसतं, प्रोजेक्ट जॉइन झाल्यावर मिळतो, म्हणजे नाव आधी कळतं आणि वातावरणाची लॉटरी नंतर निघते. मला स्वतःला तिथली हीच गोष्ट सगळ्यात जास्त खटकते. लॉटरी लागलेले लोक पंधरा-पंधरा वर्षं सुखात आहेत तिथे, माझा मित्रच आहे एक, पण त्यालाही विचारलं तर म्हणतो मॅनेजर चांगला मिळाला रे.

रजेचंही विचारून घ्यायचं, सुट्ट्या किती हे नाही, मागच्या वर्षी टीममध्ये सलग आठ दिवस कोणी घेतले का हे. ऑफिसात गणपती बसवून ढोल वाजवणारी आणि विसर्जनाच्या दिवशी गावाला जायला अर्धी रजा न देणारी कंपनी मी बघितली आहे, फोटो मात्र लिंक्डइनवर अप्रतिम होते. आणि राजीनामा दिलेल्या माणसाशी नोटीसचे शेवटचे ९० दिवस कसे वागतात ते बघा, कारण जाणारा माणूस बाहेर जाऊन काय बोलतो त्यावरच पुढची माणसं येतात, जाहिरातीवर नाही.

माझं मत विचाराल तर, पहिलीच नोकरी असेल, किंवा पुढच्या वर्षात होम लोन घ्यायचंय, किंवा घरात एकटेच कमावते असाल तर मोठं नाव घ्या आणि दोन-तीन वर्षांनी परत विचार करा. एक मोठं नाव आधीच रेझ्युमेवर असेल आणि छोट्या कंपनीचा पीएफ, माणसं, मॅनेजर सगळं तपासून ठीक निघालं असेल तर छोटी. भाच्याची पहिली कंपनी मोठ्या नावाचीच होती. तपासून ठीक निघालं नाही तर पगार वीस टक्के जास्त दिला तरी छोटी नको, तो वीस टक्का कशाचा आहे ते सहा महिन्यात कळतं.

भाच्याने प्रश्न दोन्हीकडे विचारला. हिंजवडीहून उत्तर आलं की प्रोजेक्ट अलोकेशन जॉइनिंगनंतर होईल. बाणेरच्या मॅनेजरने सोडून गेलेल्या मुलाचा नंबरच, त्याला विचारून, पाठवला, म्हणाला तूच बोलून घे. तो मुलगा आता जर्मनीत आहे, चाळीस मिनिटं बोलला, बायकोला तिकडे नोकरी लागली म्हणून सोडलं म्हणाला, आणि हेही सांगितलं की रिलीजच्या आठवड्यात रात्री जागाव्या लागतात, खोटं सांगत नाही. भाचा बाणेरला लागला. रावेतच्या फ्लॅटच्या लोनला बँकेने सहा महिन्यांच्या जादा स्लिपा मागितल्या, आणि ताई अजून शेजारच्यांना "कंप्युटरमध्ये आहे पुण्याला" एवढंच सांगते.