मुलाचा ताप हटत नाही: लेप्टो, टायफॉइड की ब्रुसेलोसिस?

लावणीच्या दिवसांत कोकणात पोर तापलं की आधी लेप्टोची (उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची) शंका घ्यावी, यात चूक काही नाही. लेप्टोचा ताप एकदम चढतो, पोटऱ्या दाबल्या तरी मूल कळवळतं, डोळे लाल होतात. कावीळ दिसली किंवा लघवी कमी झाली तर सकाळपर्यंत थांबू नये. टायफॉइडचा ताप दिवसागणिक चढत जातो, पोट बिघडतं.

ब्रुसेलोसिस हा गाई-शेळ्यांकडून माणसाला लागणारा, ब्रुसेला जंतूचा आजार; त्याने जनावरं गाभडतात. माणसात तो बहुतेकदा रेंगाळत येतो, म्हणून फसगत होते. सकाळी मूल खेळतं, संध्याकाळी कणकण, रात्री घामाने सदरा चिंब. चार दिवस बरे जातात, पुन्हा तेच. गुडघा किंवा खुबा दुखतो, मूल लंगडतं. घरचे म्हणतात, कुठेतरी पडला असेल, आणि तेल चोळत बसतात. लागण होऊन लक्षणं दिसेपर्यंत बहुधा दोन ते चार आठवडे, कधी काही महिनेही जातात. मग गोठ्यात गाय गाभडली होती, हे कुणाच्या ध्यानात राहणार?

माझ्या मते निवाडा इथेच होतो. ताप दोन आठवड्यांवर गेला, सांधा धरला आणि मुलाने कच्चं दूध प्यायलंय किंवा गाभडलेल्या गाई-शेळीच्या वारेजवळ ते गेलंय, तर डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता सांगा. टायफॉइडसाठीच्या विडाल चाचणीत हा आजार कळत नाही. ब्रुसेलाची रक्तचाचणी वेगळी असते. लक्षणं असताना तिच्यात १:१६० किंवा त्याहून जास्त टायटर (रक्तातल्या प्रतिपिंडांचं माप) आला तर संशय बळावतो. कल्चरला (रक्तातला जंतू वाढवून बघायला) रक्त देताना लॅबला ब्रुसेलाची शंका आवर्जून कळवावी, हा जंतू तिथल्या माणसांनाही लागतो.

उपचारातला फरक मोठा. साध्या लेप्टोला आठवड्याभराचं औषध पुरतं. ब्रुसेलोसिसला कमीत कमी सहा आठवडे, तेही दोन औषधं मिळून. आठ वर्षांखालच्या मुलांना साधारणपणे कोट्रायमोक्सॅझोल आणि रिफाम्पिसिन, त्यावरच्यांना डॉक्सिसायक्लिन आणि रिफाम्पिसिन. जंतू हाडात, हृदयात किंवा मेंदूत शिरला तर जेंटामायसिनची इंजेक्शनं जोडतात, मुदतही वाढते. डोस डॉक्टरच ठरवतील. रिफाम्पिसिनने लघवी नारिंगी होते, घाबरू नका. शेजारीण ‘ही तर टीबीची गोळी’ म्हणेल. औषध तेच, आजार वेगळा. दहाव्या दिवशी ताप गेला म्हणून गोळ्या सोडल्या तर आजार उलटण्याची भीती असते.

गोठ्याकडेही बघा. दूध उकळूनच द्या, वार हातमोजे घालून खोल पुरा, आणि चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना जनावरांच्या दवाखान्यातून ब्रुसेलाची लस टोचून घ्या.