कोजागरीला कविता कोणी वाचायची?

पुण्याहून आलेली वहिनी की इंदुरात आयुष्य काढलेले काका, असा भाचीला पेच पडलाय. दोघांनाही मी ऐकलंय.

वहिनीचा ‘ळ’ स्वच्छ. काकांच्या तोंडी ‘वेळ’चा ‘वेल’ होतो. मग कवितेत वेळ सरायच्या जागी वेल सरकते! ‘जग’ म्हणजे दुनिया की ‘जगत राहा’, हेही त्यांच्या ‘ज’वरून उमगत नाही. वहिनीचे दोन्ही ‘ज’ निराळे.

वृत्तात मात्र काका सरस. भुजंगप्रयाताची 12 अक्षरं, लघु-गुरु-गुरु असं चारदा, ते मांडीवर ताल धरून पेलतात. वहिनी तेच बातम्या वाचल्यासारखं उरकते.

मुक्तछंद असेल तर वहिनी. वृत्तातली असेल तर काकाच, फक्त ‘ळ’ कमी असलेली बघून द्यावी.