मेल टाकावा की चहाला न्यावं?

बाजूच्या खात्याशी वाजलं की आपल्यापुढे बहुतेक वेळा दोनच रस्ते असतात. सगळं मुद्देसूद लिहून, साहेबांना सीसीत ठेवून मेल टाकायचा. नाहीतर "चल, चहा मारून येऊ" म्हणून त्याला गेटबाहेरच्या टपरीवर न्यायचं. तिसराही रस्ता आहे, काहीच न करण्याचा. तो मी बरीच वर्षं वापरला. एचआरने एकदा भांडणात माणूस कसा वागतो ते सांगणारी थॉमस-किलमनची प्रश्नावली भरून घेतली होती (१९७४ पासून कितीतरी ट्रेनिंगवाल्यांचं पोट तिच्यावर चाललंय), त्यात मी 'टाळणारा' निघालो. तेव्हा त्या रस्त्याबद्दल मी बोलू नये हेच बरं.

मेलची बाजू आधी मांडतो, कारण ती कमजोर नाही. लिहिलेलं राहतं. माणूस नोकरी सोडून गेला, ऑडिटवाले येऊन बसले, की कोणी कधी काय सांगितलं होतं ते तारखेसकट काढून दाखवता येतं. शिवाय समोरचा तोंडाळ असेल आणि आपली जीभ ऐनवेळी अडखळत असेल, तर मेल हा मोठा आधार. रात्री लिहून, सकाळी पुन्हा वाचून, मग पाठवता येतो. तसं कोणी करत नाही ही वेगळी गोष्ट.

चहाचं म्हणाल तर त्याला एक खोड आहे. निम्म्या वेळा गोष्ट "जाऊ दे रे"वर संपते. ग्लास रिकामे होतात, कोणीतरी क्रिकेटचा विषय काढतं, आणि दुखणं जिथल्या तिथे. उरलेल्या निम्म्या वेळी पंधरा दिवसांनी ऐकावं लागतं, "मी असं कुठं म्हणालो होतो?" आवाज मोठा असणाऱ्याचं तिथेही चालतंच.

एवढं असूनही मी चहाकडे वळलो. गोष्ट एका मे महिन्यातली.

मी भोसरीत मशीन शॉप बघतो. ५० मिलिमीटरचा एच७ बोअर, म्हणजे भोकाच्या मापात २५ मायक्रॉनची मुभा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). सेकंड शिफ्टचा लॉट मशीनवर एअर गेजला (हवेच्या दाबावर भोक मोजणारं साधन) ओके, आणि सकाळी क्वालिटीने त्याच लॉटला लाल टॅग लावलेला: बोअर अंडरसाइज, म्हणजे भोक मापापेक्षा लहान. मी मेल टाकला. क्वालिटीच्या माणसाने उत्तर टाकलं. चार दिवसांत अकरा मेल झाले. साहेबांचा त्यातला वाटा दोन शब्दांचा होता: 'प्लीज क्लोज'.

त्याच्या तिसऱ्या मेलात एक ओळ होती: 'व्हाय प्रॉडक्शन इज नॉट फॉलोइंग इन्स्ट्रक्शन्स, प्लीज एक्स्प्लेन.' ती वाचून डोकं असं फिरलं की दुपारचा डबा तसाच घरी गेला. आता हा माणूस इस्लामपूरचा, मी कराडचा. दिवसभर एकमेकांना अरे-तुरे करतो. समोर असता तर म्हणाला असता, "अरे, सेटरला सांगितलं नव्हतंस व्हय?" प्रश्न तोच, पण त्यातला 'अरे' मेलात येत नाही. सीसीत साहेब आले की आम्ही दोघंही इंग्रजीत शिरतो, आणि आमचं इंग्रजी पडलं डिप्लोमाचं, इस्त्री केलेलं. त्यात विनंती आणि दमदाटी सारखीच दिसते. मी उलट काय लिहिलं तेही सांगतो: 'ॲज ऑलरेडी इन्फॉर्म्ड, किंडली चेक युवर एंड.' मनात होतं, "जरा तुझा गेजही बघ की रे बाबा." त्याने ते कसं वाचलं असेल!

पाचव्या दिवशी तोच मशीनवर आला. सेटरने, म्हणजे मशीन लावून देणाऱ्या पोराने, चकच्या पकडीतून नग काढला आणि सवयीने सरळ गेजला लावायला गेला. याने मध्येच तो हातात घेतला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "लेका, हा तापलाय की."

मास्टर (ज्या नमुन्यावर गेज लावतात ती रिंग) टेबलावर गार आणि नग नुकताच कापून निघालेला, तापून फुगलेला. ५० च्या पोलादी बोअरला १५ अंशांचा फरक पडला की साधारण साडेआठ मायक्रॉन जातात. मशीनवर खालच्या हद्दीच्या चार मायक्रॉन वर दिसणारा नग क्वालिटीच्या २० अंशांच्या खोलीत रात्रभर गार झाला, की हद्दीखाली गेलाच. हे दोघंही शिकलोय, नव्या पोरांना शिकवतोही. पण अकरा मेलांत 'नग मोजला कधी' एवढं एकानेही विचारलं नव्हतं. विचारणार कसं? आम्ही एकमेकांना लिहीतच नव्हतो, दोघंही साहेबांना लिहीत होतो.

त्या एका वाक्याने माझ्यापुरता निकाल लावला. चहा नंतर झाला, वीस मिनिटांत. लॉट होनिंगला, म्हणजे भोक घासून किंचित मोठं करायला, गेला, स्क्रॅप काहीच नाही.

एका लॉटवरून सगळ्या जगाला सांगू नये, हे कळतं. तुमचा माणूस बेंगळुरूला बसत असेल तर टपरी कुठून आणणार? फोन करून बघा, पण फोनवर समोरच्याला नग हातात धरता येत नाही. आणि भांडण बरोबरीच्यांत नसेल तर चहाचा सल्ला मी देणार नाही. वरचा माणूस त्रास देत असेल तर कागदच हवा. २० किंवा जास्त कामगार असतील तिथे तक्रार निवारण समिती २०१० च्या दुरुस्तीपासून कायद्यात आहे, तिच्याकडे लेखीच जावं लागतं. लैंगिक छळाचा प्रकार असेल तर तो मिटवामिटवीचा विषयच नव्हे. २०१३ च्या कायद्याने अंतर्गत समितीकडे तीन महिन्यांत लेखी तक्रार करायची असते, आणि समेट व्हायचा झाला तरी तो त्या बाईने स्वतः मागितला तरच. अशा वेळी कोणी "बाहेर चहाला चला, बोलून घेऊ" म्हणालं, तर जाऊ नका.

रोजच्या कुरबुरींना मात्र मी आता आधी चहा घेतो आणि परत आल्यावर त्या एकट्यालाच दोन ओळी टाकतो, मराठीत. "मी असं कुठं म्हणालो होतो" यावर तेवढा उतारा पुरतो. त्या दिवशीची ओळ अशी होती: 'बोललो तसं. नग काढल्यावर १५ मिनिटं टेबलावर ठेवायचा, मग गेज. सेटरना मी सांगतो, टॅग तू काढ.'

पाच मिनिटांत उत्तर आलं: 'काढला. मास्टर पण पुसून ठेव म्हणावं, तेलकट असतोय.'