एमए झालं, आता कुठली फेलोशिप? जेआरएफ, आयसीएसएसआर, बार्टी-सारथी-महाज्योती की सीएम फेलोशिप

समाजशास्त्र, राज्यशास्त्र, इतिहास, अर्थशास्त्र, सोशल वर्क यातलं काहीतरी घेऊन एमए केलेल्या पोरापोरींचा प्रश्न दर वर्षी तोच असतो, की रिसर्चला जायचंय पण घरी अजून पाच वर्षं पैसे मागायची सोय नाहीये, तर नेमकं कशाच्या मागे लागू. आणि उत्तर देणारे लगेच रकमाच सांगत सुटतात, याला एवढे अन् त्याला तेवढे. रक्कम बघाच, पण माझ्या मते त्याआधी दोन गोष्टी बघा. एक, पैसा पीएचडीला नोंदणी व्हायच्या आधी पक्का होतो का नंतर. दोन, वयाची अट कधी आडवी येते. एवढं कळलं की निम्मा निर्णय तिथंच होतो.

आधी जेआरएफ, म्हणजे ज्युनियर रिसर्च फेलोशिप. हिचं सगळ्यात मोठं सुख म्हणजे ती तुमच्या नावावर असते, विद्यापीठाच्या किंवा टॉपिकच्या नावावर नाही. नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा द्या, त्यात जेआरएफ काढा, मग पुणे, मुंबई, हैदराबाद, दिल्ली जिथं सीट मिळेल तिथं घेऊन जा. गाईड लोकांनाही जेआरएफवाला विद्यार्थी आवडतो, तोंडावर कुणी म्हणत नाही पण इंटरव्ह्यूला बसलात की कळतं. १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० आणि पुढं एसआरएफ (सीनियर रिसर्च फेलो) झालात की ४२,०००, हॉस्टेल नसेल तर शहराप्रमाणे एचआरए म्हणजे घरभाडं, आणि आपल्या विषयांना कंटिन्जन्सी (किरकोळ खर्चाचे पैसे) पहिली दोन वर्षं वर्षाला १०,००० आणि नंतर २०,५००. पाच वर्षांचा नुसता स्टायपेंड जोडला तर २४ लाख होतात. नोंदणीच्या आधीच पक्का होणारा एवढा पैसा या यादीत दुसरीकडं सहसा नाही.

पण हे पैसे हातात कसे येतात ते ऐकून ठेवा. दर महिन्याला विद्यापीठातला मेकर, म्हणजे नोंद भरणारा कर्मचारी, पोर्टलवर तुमचं कन्फर्मेशन टाकणार, मग चेकर ते मंजूर करणार, मग थेट खात्यात जमा. यातला एक जण भाच्याच्या लग्नाला गावी गेला, किंवा त्याची बदली झाली आणि नव्या माणसाला लॉगिनच मिळालं नाही, की तुमचा महिना लटकला. नंतर एरियर्ससकट मिळतात, बुडत नाहीत सहसा, पण घरमालकाला एरियर्स ही गोष्ट समजत नाही. त्यामुळे पहिल्या हप्त्यातून दोन-तीन महिन्यांचं भाडं बाजूला काढून ठेवा आणि त्या सेक्शनमधल्या माणसाशी गोड बोलायची सवय लावून घ्या. दोन वर्षांनी तीन जणांच्या कमिटीपुढं काम दाखवायचं असतं, बाहेरचा तज्ज्ञ असतो, त्यानंतरच एसआरएफ. ही मीटिंग लावायची आठवण गाईडला तुम्हीच करायची.

आता जेआरएफचं वाईट. वय ३० पर्यंतच, राखीव प्रवर्गांना, दिव्यांगांना आणि सगळ्या मुलींना ५ वर्षांची सूट. परीक्षा दीडशे प्रश्नांची, ३०० मार्क, तीन तास, निगेटिव्ह नाही, म्हणजे पर्याय निवडायची परीक्षा आहे, तुम्ही फिल्डवर जाऊन लोकांशी बोलू शकता का हे तिथं कुणी बघत नाही. आणि आपल्याकडच्या पोरांची खरी अडचण ही की नेटचा पेपर फक्त इंग्रजी आणि हिंदीत असतो. मराठी माध्यमातून एमए केलेल्याला आशय माहीत असतो पण 'सामाजिक स्तरीकरण' इंग्रजीतून चार पर्यायांत फिरवून विचारलं की गडबड होते. म्हणून बरेच जण सेटकडे, म्हणजे राज्याच्या पात्रता परीक्षेकडे, वळतात, तिथं मराठी चालतं, पण सेटने फक्त असिस्टंट प्रोफेसरची पात्रता मिळते, फेलोशिपचा एक रुपया मिळत नाही, हे बऱ्याच जणांना निकाल लागल्यावर कळतं. जून २०२४ ची नेट तर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी रद्द झाली आणि ऑगस्ट-सप्टेंबरात परत घेतली, तेव्हा एकाच प्रयत्नावर सगळं प्लॅनिंग टांगू नका. एक चांगलं झालंय, २०२४ पासून नेटच्या निकालात तीन गट असतात, जेआरएफ हुकली तरी स्कोर पीएचडी प्रवेशाला वापरता येतो, त्यात नेटला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन.

नेटच्या शेजारी अजून एक दार आहे, ते लोक विसरतात. गेट या आयआयटीवाल्यांच्या परीक्षेत २०२१ पासून ह्युमॅनिटीज अँड सोशल सायन्सेसचा पेपर आहे, आयआयटीच्या सामाजिक शास्त्रांच्या विभागांत त्यावर फेलोशिपसकट प्रवेशाचा रस्ता निघतो. पण त्यात अर्थशास्त्र, इंग्रजी, भाषाविज्ञान, तत्त्वज्ञान, मानसशास्त्र, समाजशास्त्र एवढेच विषय. इतिहास आणि राज्यशास्त्रवाल्यांना तिथं स्वतःचा पेपरच नाही.

आता आयसीएसएसआर, म्हणजे सामाजिक शास्त्रांच्या संशोधनाची केंद्राची परिषद. १९६९ ची संस्था, पहिले अध्यक्ष गोखले इन्स्टिट्यूटचे धनंजयराव गाडगीळ आणि पहिले सदस्य सचिव आपले कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक, म्हणजे घरचंच नातं म्हणायला हरकत नाही. पश्चिम विभागाचं केंद्र मुंबई विद्यापीठाच्या कलिना कॅम्पसमध्ये आहे. पण डॉक्टरल फेलोशिप आणि जेआरएफ यांची तुलना बरेच जण चुकीची करतात. ही पीएचडीला नोंदणी झाल्यावर मिळते, त्याआधी नाही, आणि दोनच वर्षं. आतापर्यंतच्या जाहिरातींमध्ये महिन्याला २०,००० आणि वर्षाला २०,००० कंटिन्जन्सी असा आकडा आहे, दोन्ही वर्षांचे मिळून ५ लाख २० हजार. म्हणजे पूर्ण पीएचडी यावर निघत नाही, मधल्या फिल्डवर्कचा आणि लिखाणाचा काळ निघतो. जमेची बाजू ही की वयाची अट ४० पर्यंत जाते, आणि इथं तुमचं प्रपोजल वाचलं जातं. ज्याला घड्याळ लावून पर्याय निवडणं जमत नाही पण ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या शाळेबद्दल आठ पानं मुद्देसूद लिहिता येतात त्याला ही जागा जास्त न्याय देते. फक्त प्रपोजल म्हणजे पीएचडी नोंदणीला दिलेल्या सिनॉप्सिसची कॉपी नव्हे, रिसर्च क्वेश्चन, सॅम्पल कुठलं आणि तेच का, किती महिने कुठल्या गावात, हे नीट पाहिजे. पैसे संस्थेमार्फत हप्त्यांनी येतात आणि प्रगती अहवाल दिला नाही की पुढचा हप्ता अडतो, तेव्हा तुमच्या कॉलेजचं अकाउंट्स कसं चालतं याची चौकशी आधी करा.

मग आपल्या राज्याच्या संस्था. पुण्याची बार्टी अनुसूचित जातींसाठी, पुण्याचीच सारथी मराठा, कुणबी, मराठा-कुणबी आणि कुणबी-मराठा यांच्यासाठी, नागपूरची महाज्योती ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी. तिन्हीकडं पीएचडी नोंदणी आधी लागते, दर जेआरएफच्या धर्तीवर ठेवलेत, आणि माझ्या मते मराठी माध्यमाच्या पोरांसाठी या फेलोशिप हीच खरी शिडी आहे. नेट न निघालेली कितीतरी पोरं यावरच डॉक्टर झाली, त्यांचे विषयही बघा, आपल्याच तालुक्यातले, आपल्याच लोकांचे, जे दिल्लीच्या यादीत कधी आलेच नसते.

पण भरवसा हा मुद्दा इथं कच्चा आहे. जाहिरात कधी येणार, जागा किती, परीक्षा घेणार का सरसकट देणार, नोंदणीच्या तारखेपासून मिळणार का निवडीच्या, यातल्या प्रत्येक गोष्टीसाठी विद्यार्थ्यांना आझाद मैदानावर बसावं लागलंय. २४ डिसेंबर २०२३ ला तिन्ही संस्थांची मिळून चाळणी परीक्षा झाली तर त्यात २०१९ च्या सेटचाच पेपर निघाला, काय बोलणार. त्यामुळे हे पैसे येणार म्हणून नोकरी सोडून बसू नका, आले तर आले अशा हिशोबाने पहिलं वर्ष काढायची तयारी ठेवा. कास्ट व्हॅलिडिटी, नॉन-क्रिमिलेअर, डोमिसाईल, विद्यापीठाचं नोंदणीपत्र आणि गाईडच्या सहीचं बोनाफाईड एका फोल्डरमध्ये कायम तयार पाहिजे, कारण जाहिरात आली की मुदत फार नसते आणि व्हॅलिडिटी काही त्या मुदतीत निघत नाही.

मुलींसाठी एक वेगळी सांगतो कारण फार जणींना माहीतच नसते. यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) सावित्रीबाई जोतिराव फुले फेलोशिप, एकुलत्या एक मुलीसाठी, भाऊ नको, जुळी बहीण चालते. पूर्णवेळ पीएचडी पाहिजे, वय ४० पर्यंत, नेटची अट नाही. अशी मैत्रीण असेल तर तिला आजच सांगा.

दुसऱ्या टोकाला सीएम, म्हणजे राज्याची मुख्यमंत्री फेलोशिप. २०१५ ला सुरू झाली, मध्ये बंद पडली, २०२३ ला परत आली. ६० जण घेतात, वय २१ ते २६, पदवीला ६० टक्के आणि वर्षभराचा अनुभव लागतो, पूर्णवेळ इंटर्नशिपही त्यात धरतात. मराठी लिहिता-वाचता आली पाहिजे, ऑनलाइन परीक्षा, निबंध, मुलाखत. २०२५-२६ च्या बॅचला प्रवासखर्च धरून महिन्याला ६१,५०० ठरलेत, जोडीला आयआयटी मुंबईचा पब्लिक पॉलिसीचा कोर्स. महिन्याच्या आकड्यावर ही जेआरएफला मागं टाकते, आणि म्हणूनच लोक फसतात. हे बारा महिन्यांचं काम आहे, रिसर्च नाही. जिल्हा प्रशासनाच्या किंवा मंत्रालयाच्या कुठल्या ऑफिसात बसून तुम्ही योजनेचा डेटा गोळा करणार, प्रेझेंटेशन करणार, साहेबांबरोबर दौरे करणार. तुम्ही काय लिहावं हे तुम्ही ठरवत नाही. पण सरकारी फाईल कशी हलते, तलाठ्यापासून सचिवापर्यंत कोण कुठं नाही म्हणतो, हे आतून बघायला मिळतं आणि पुढं राज्यसंस्थेवर, स्थानिक राजकारणावर पीएचडी करायची असेल तर असलं शिक्षण कुठलं विद्यापीठ देत नाही. दिल्लीतल्या पीआरएस या संसदेच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेची लँप फेलोशिप याच जातीची, खासदाराबरोबर पावसाळी अधिवेशनापासून बजेट अधिवेशनापर्यंत, वय २५ पर्यंत. कायदे, संसद यात रस असेल तर ती, जिल्ह्यात रस असेल तर सीएम.

म्हणून वय २४-२५ असेल आणि दोन्ही खुणावत असतील तर माझा सल्ला सरळ आहे. सीएम किंवा लँप आधी करा, कारण ती दारं लवकर बंद होतात आणि परत उघडत नाहीत. जेआरएफला ३० पर्यंत वेळ आहे, आयसीएसएसआरला त्याहून जास्त. नेटचा अभ्यास मात्र त्या वर्षातही सोडू नका, वर्षातून दोनदा परीक्षा असते, रविवार तरी तुमचाच असतो. याउलट वय २९ आणि राखीव प्रवर्गात नाही, मुलगी नाही, तर बाकी सगळं बाजूला ठेवून नेटच्या उरलेल्या खेपा नीट द्या. आणि पीएचडीची नोंदणी आधीच झालीये, वय ३३, असं असेल तर राज्याच्या संस्थेला आणि आयसीएसएसआरला दोन्हीकडं अर्ज करा, दोन्ही मिळाल्या तर एकच घेता येते, एकाच वेळी दोन फेलोशिप घेतल्या आणि सापडलं तर वसुली लागते.

परदेशाचं थोडक्यात, कारण तो वेगळाच विषय आहे. राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या ७५ जणांना दर वर्षी, क्रमवारीतल्या वरच्या विद्यापीठात प्रवेश आधी पाहिजे. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज १२५ जणांना, पण २०२२ मध्ये नियमात एक ओळ घातली की भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचा सामाजिक अभ्यास असे विषय यात बसणार नाहीत. समाजशास्त्रवाल्याने मग करायचं काय? बाबासाहेबांनी १९१६ ला कोलंबियात जातीवर निबंध वाचला तो बडोद्याच्या सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंड आणि परत येऊन दहा वर्षं नोकरीचा करार, आजच्या या ओळीपुढं तो विषय अडला असता. अर्ज करायच्या आधी ती ओळ दोनदा वाचा. चेवनिंग ही ब्रिटिश सरकारची शिष्यवृत्ती एका वर्षाच्या मास्टर्सला, दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, म्हणजे सीएम फेलोशिप केलेल्याचं निम्मं गणित जमलेलं असतं. भारतातच पीएचडी चालू असेल आणि अमेरिकेतल्या लायब्ररीत सहा ते नऊ महिने बसायचं असेल तर फुलब्राइट-नेहरूची डॉक्टरल.

राहिले ते नोकरी करून पार्ट टाइम पीएचडी करणारे, सीएचबीवर म्हणजे तासावारी पैशांवर कॉलेजात तास घेणारे, शाळेत शिकवणारे. त्यांना वरचं जवळपास काहीच लागू होत नाही, कारण सगळीकडं पूर्णवेळची अट आहे. त्यांच्यातल्या कायम प्राध्यापकांना आयसीएसएसआरचे रिसर्च प्रोजेक्ट आहेत, त्यात फिल्डचा खर्च निघतो, आणि पीएचडी झाल्यावर पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप, तीही दोन वर्षांची. सीएचबीवाल्यांनी मात्र तासांचे पैसे आणि फेलोशिप यांचा वर्षाचा आकडा कागदावर शेजारी शेजारी मांडून बघावा, बऱ्याच ठिकाणी तास सोडून पूर्णवेळ नोंदणी करणंच परवडतं, फक्त राज्याच्या जाहिरातीची वाट बघत तास सोडू नका, आयसीएसएसआरचं किंवा जेआरएफचं निवडपत्र हातात आल्यावर सोडा.