किडनीचा आजार आणि बीपी: घरचं मशीन की २४ तासांची नोंद?

दादरचा पूल चढून, ओपीडीच्या रांगेत तासभर थांबून मोजलेला बीपी चढाच येणार. त्यावरून गोळी वाढवली की घरी चक्कर येते. उलटही घडतं, आणि ते जास्त घातक: दवाखान्यात १३०, रात्री झोपेत १५०. किडनीच्या रुग्णांत असे बरेच सापडतात.

झोपेत बीपी एरवी १० ते २० टक्के उतरतो. किडनी दुबळी असेल तर दिवसाचं मीठ दिवसा बाहेर पडत नाही. ते टाकायला शरीर रात्रीही दाब चढा ठेवतं. रात्री वारंवार लघवीला उठावं लागण्यामागेही बऱ्याचदा हेच असतं. दोन पद्धतींतला खरा फरक इथे आहे: घरचं साधं मशीन झोपेतला बीपी दाखवत नाही.

तरीही बहुतेकांनी आधी घरचंच मशीन घ्यावं, कारण ते वर्षानुवर्षं कामी येतं. मनगटाचं नको, दंडाचं घ्या. खांदा आणि कोपर यांच्या मधोमध दंडाचा घेर मोजून जा. सोबतचा पट्टा पुष्कळदा २२ ते ३२ सेंमीचा असतो. घेर ३५ असेल तर मोठा पट्टा मागून घ्या. आखूड पट्टा आकडा फुगवतो आणि त्यावर गोळ्या वाढतात. मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, मिश्री बंद. लघवी करून या, पाठ टेकून, पावलं जमिनीवर ठेवून ५ मिनिटं गप्प बसा. दंड उघडा, हात छातीच्या पातळीवर टेकलेला. लोंबता हातही आकडा वाढवतो. सकाळी गोळीआधी दोनदा, संध्याकाळी जेवणाआधी दोनदा, मध्ये १ मिनिट, असं ७ दिवस. पहिला दिवस सोडून सरासरी काढा. १३५/८५ किंवा वर म्हणजे बीपी जास्त. सगळ्यात मोठी चूक म्हणजे ‘चांगला’ आकडा येईपर्यंत मोजत राहून तेवढाच लिहिणं. आले ते सगळे आकडे लिहा.

२४ तासांच्या नोंदीत कमरेला छोटं यंत्र आणि ज्या हाताने काम करत नाही त्या दंडाला पट्टा असतो. दिवसा १५ ते ३० मिनिटांनी, रात्री ३० ते ६० मिनिटांनी तो फुगतो. फुगला की हात सैल सोडून स्थिर ठेवा. लोकलमध्ये त्या हाताने कडी धरलीत तर ती नोंद वाया जाते. आंघोळ आधीच उरका. मुंबईच्या घामात पट्टा घसरतो, म्हणून त्याची जागा पेनाने आखून घ्या. झोप थोडी मोडतेच. दिवसाच्या किमान २० आणि झोपेतल्या किमान ७ नोंदी चांगल्या हव्यात. सरासरी २४ तासांची १३०/८०, झोपेतली १२०/७० किंवा वर गेली तर बीपी जास्त. रात्रपाळी असेल तर झोपेची वेळ टेक्निशियनला आधीच सांगा, नाहीतर अहवालातली ‘रात्र’ खोटी ठरते.

ही नोंद कधी घ्यावी? घरचे आणि दवाखान्याचे आकडे जुळत नसतील, बीपी ठीक दिसूनही लघवीतलं प्रोटीन वाढत असेल, किंवा घोरताना श्वास अडकत असेल तर नक्की. डायलिसिससाठी शीर आणि धमनी जोडलेल्या (फिस्टुलाच्या) हाताला पट्टा कधीच नको, कुठल्याही पद्धतीत. हृदयाचे ठोके अनियमित असतील तर दोन्ही यंत्रं चुकू शकतात; तिथे डॉक्टरांनी हाताने मोजलेलं धरा.

किडनीच्या रुग्णांसाठी ‘वरचा १२०च्या खाली’ हे केडीगो या आंतरराष्ट्रीय किडनी संस्थेच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेतलं लक्ष्य बऱ्याच अंशी २०१५ च्या स्प्रिंट या अमेरिकेतल्या बीपी-संशोधनावर उभं आहे. त्यात ९,३६१ जण होते, मधुमेही घेतलेले नव्हते, आणि बीपी ५ मिनिटं शांत बसवून, स्वयंचलित यंत्राने तीनदा मोजला होता. हे लक्ष्य घाईत मोजलेल्या आकड्याला लावलं, तर औषध गरजेपेक्षा जास्त होतं. घरच्या आकड्यावरून स्वतःच गोळी कमी-जास्त करू नका. चक्कर येत असेल तर उभं राहिल्यावर १ आणि ३ मिनिटांनी मोजून ते आकडे डॉक्टरांना दाखवा. वर्षातून एकदा मशीन सोबत न्या आणि त्यांच्यासमोर ताडून पाहा.