दोरीचा रंग: हिरवी, पिवळी, पांढरी, मल्टिकलर, चारही रंगांच्या ब्रेड (गळाच्या विणलेल्या दोऱ्या) जिताडा माशासाठी वापरून झाल्या, त्याबद्दल

मला गेल्या वर्षभरात सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न म्हणजे "दादा, जिताड्यासाठी कुठल्या रंगाची ब्रेड घेऊ?" आणि दरवेळी तुकड्यातुकड्यात उत्तर देण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकतो. मी दाभोळच्या खाडीत, म्हणजे वाशिष्ठीच्या मुखाकडच्या बाजूला गळ टाकतो, जास्त करून जेटी, जुने खांब आणि कांदळवनातून ओहोटीला पाणी निघतं त्या नाळांच्या तोंडाशी, आणि थंडीत कधीमधी कातळावरून तांबोशी आणि सुरमईसाठी. तीन सीझन झाले, आठ पदरी पीई (पॉलिथिलीन) ब्रेड, जाडी पीई 2 म्हणजे साधारण 0.235 मिलिमीटर, आणि रंग चार: गडद हिरवी, भडक पिवळी, पांढरी आणि दर दहा मीटरला रंग बदलणारी मल्टिकलर. कंपन्या वेगवेगळ्या होत्या पण हा रिव्ह्यू कंपनीचा नाही, रंगाचा आहे. पॉवरप्रो घ्या, डायवाची जे-ब्रेड घ्या, चांगल्या कंपन्यांकडे हिरवी आणि पिवळी दोन्ही मिळतात, भाव रंगाने फारसा बदलत नाही, मला 150 मीटरचं स्पूल साधारण 1700 ला पडलं.

सुरुवात मीही हिरव्यापासूनच केली. पाणी हिरवट, कांदळवन हिरवं, म्हणजे दोरीपण हिरवी, इतकं सरळ डोकं चालवलं. दीड वर्ष तीच वापरली आणि मासे लागले, खोटं नाही बोलणार. पण ऑक्टोबरमधल्या एका पहाटे, सव्वासहाच्या सुमारास, भरतीचं पाणी नुकतंच थांबलेलं, मी खांबाच्या सावलीत सॉफ्ट प्लॅस्टिकचा शॅड, म्हणजे माशाच्या आकाराचं मऊ नकली आमिष, टाकला आणि तो तळाला जाऊ दिला, आणि त्या अर्ध्या उजेडात माझी दोरी मला दिसतच नव्हती. आता जिताडा आमिष बऱ्याचदा खाली पडतानाच घेतो, तोंड उघडून पाण्यासकट आत ओढतो, हाताला तेव्हा काहीच लागत नाही, फक्त दोरी एकदम टिचकी मारल्यासारखी उडते किंवा पडायची थांबते. मला ते दिसलं नाही. कळलं तेव्हा मासा खांबाच्या मागे गेलेला, दोरी कालवांवर घासत होती, दोन सेकंदात खलास. मासा एकदा वर आला तेव्हा दिसला, माझ्या हाताएवढा लांब होता. ती पहाट अजून डोक्यातून गेलेली नाही.

तिथून पुढे पिवळी घेतली आणि माझं मत पूर्ण बदललं. मेन दोरीचा रंग हा माशासाठी नसतोच, तो तुमच्या डोळ्यांसाठी असतो. माशाला जे दिसतं ते शेवटचं दीड-दोन मीटर, म्हणजे लीडर, आणि लीडर ब्रेडचा नसतोच, तो नायलॉनचा, म्हणजे आपल्या साध्या भाषेत तंगूस, किंवा फ्लोरोकार्बनचा असतो. त्यामुळे पिवळी दोरी बघून मासा पळेल ही भीती मनातून काढा, दीड मीटर लीडर बांधला की पिवळा रंग आमिषापासून लांब राहिला.

पिवळीचा फायदा हवेच्या दिवशी सगळ्यात जास्त कळतो. पीई पाण्यापेक्षा हलकी असते, घनता 0.97 च्या आसपास, म्हणून ती तरंगते आणि दुपारनंतर पश्चिमेचं वारं सुटलं की पाण्यावर तिचं मोठं धनुष्य होतं, तुम्हाला वाटतं आमिष समोर आहे आणि खरं म्हणजे ते पंधरा फूट डावीकडे सरकलेलं असतं. पिवळी असेल तर हे धनुष्य दिसतं, रॉडचं टोक खाली घेऊन ते सरळ करता येतं. हिरवीला नुसता अंदाज. शिवाय वाऱ्यामुळे स्पूलवर सैल वेढा पडला की त्याची पुढच्या कास्टला (फेकीला) गाठ होते, पिवळीवर तो वेढा आधीच नजरेत येतो, मी निदान चार-पाच वेळा असा वेढा बघून थांबलो आणि दोरी वाचली. जेटीवर बाजूला तिघं उभे असतील तर त्यांनाही कळतं तुमची दोरी कुठून चाललीये, भांडणं होत नाहीत.

आमच्या वाडीतले एक काका, आयुष्य खाडीत गेलं त्यांचं, हातदोरीने मासे धरतात, त्यांनी पहिल्या दिवशी माझं स्पूल बघितलं आणि म्हणाले, "आरं बाबू, ह्या पिवल्या दोरीला मासा येनार हाय काय?" मी त्यांना लीडर दाखवला. त्यांनी तो बोटांत धरून चोळला, काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "रंगाचं सोड, ही खालची जाड घे, कालवं कापतील." माझ्या मते रंगाच्या विषयावर मी ऐकलेलं हे सगळ्यात शहाणं वाक्य आहे, कारण जिताड्याचे कल्ल्यांवरचे पत्रे ब्लेडसारखे असतात, आणि खांबाला चिकटलेली कालवं त्याहून वाईट. इथे 50-60 पाउंडाचा लीडर पाहिजे, मग तो कुठल्या रंगाचा का असेना. गढूळ पाण्यात मी सरळ जाड तंगूस बांधतो, स्वस्त पडतो, मऊ असतो, गाठ छान बसते.

आता पाण्याबद्दल, कारण खरा खेळ तिथे आहे. आपल्या खाडीचं पाणी रोज एकसारखं नसतं. अमावस्या-पुनवेच्या उधाणाला पाणी जोरात येतं-जातं, तळाचा चिखल ढवळला जातो, हात बुडवला तर कोपर दिसत नाही. अष्टमी-नवमीच्या भांगेला ओढ कमी, गाळ खाली बसतो, पाणी बऱ्यापैकी निवळतं. आणि पावसाळ्यात तर वरून लाल मातीचं पाणी येतं, तेव्हा दोरी पिवळी की जांभळी याचा विचारच करू नका. म्हणजे दोरी घेताना आधी स्वतःला विचारा की तुम्ही तिथीप्रमाणे कधी जाता. मी जास्त करून उधाणाच्या दोन-तीन दिवस आधी-नंतर जातो, तेव्हा पिवळी बिनधास्त. भांगेला गेलो तर लीडर दीडच्या जागी अडीच मीटर करतो आणि फ्लोरोकार्बन बांधतो. फ्लोरोकार्बनचं कारण असं की पाण्याचा अपवर्तनांक (उजेड किती वाकतो त्याचं माप) 1.33, फ्लोरोकार्बनचा 1.42 आणि नायलॉनचा 1.53 च्या आसपास, म्हणजे फ्लोरोकार्बन पाण्याच्या जास्त जवळ, त्यामुळे पाण्यात कमी चमकतो. पूर्ण अदृश्य वगैरे होत नाही, पाकिटावर तसं लिहिलेलं असलं तरी. शिवाय तो जड असतो, घनता 1.78, आमिषाला खाली नेतो, पण पॉपर (पाण्याच्या पृष्ठभागावर खेळवायचं नकली आमिष) खेळवायचा असेल तर हेच वजन आड येतं, तेव्हा परत तंगूस.

लाल दोरीबद्दल पण लिहितो कारण दुकानात एकाने मला "लाल रंग पाण्यात गायब होतो" म्हणून ती गळ्यात मारायचा प्रयत्न केला होता. अर्धी गोष्ट खरी आहे. स्वच्छ निळ्या समुद्रात लाल उजेड सगळ्यात आधी शोषला जातो, काही मीटर खाली गेलं की लाल वस्तू काळपट-राखाडी दिसते. दिसते, गायब होत नाही. आणि आपल्या खाडीत गोष्ट उलटी आहे, कुजलेला पाला आणि गाळ यांनी पाणी पिवळट-तपकिरी असतं, अशा पाण्यात आधी निळा उजेड मरतो आणि लाल त्यातल्या त्यात टिकून राहतो. म्हणजे ज्या कारणासाठी लाल दोरी विकतात ते कारणच खाडीत लागू नाही. मी घेतली नाही, तुम्हीपण पैसे घालवू नका.

पांढरी मी एकच सीझन वापरली. तिच्यामागचा विचार मला पटतो, कारण मासा खालून वर बघतो तेव्हा मागे उजळ आभाळ असतं आणि त्यावर कुठलीही गडद दोरी रेघ मारल्यासारखी दिसते, बोय आणि बांगड्याचं पोट पांढरं असतं ते उगीच नाही. जिताडा सावलीत दबा धरून वरच बघत असतो. त्यामुळे पृष्ठभागावर पॉपर मारणाऱ्यांसाठी पांढरी चांगली, आणि संध्याकाळी तुम्हालाही बऱ्यापैकी दिसते. पण चार ट्रिपनंतर ती मळकट झाली, चिखलाचा रंग धरला आणि मग ना पांढरी ना करडी. दुपारी उन्हाच्या तिरिपेत पाण्याच्या चमकीत ती हरवते पण, तिथे पिवळी जिंकते.

मल्टिकलर खाडीत कास्टिंगसाठी मला निरुपयोगी वाटली. ती बनलीच आहे बोटीतून खोल पाण्यात जिग (जड धातूचं नकली आमिष) सोडण्यासाठी, रंग मोजत गेलं की किती मीटर दोरी गेली ते कळतं, चार रंग गेले म्हणजे चाळीस मीटर, आणि गोबरा किंवा तांबोशी तळापासून किती वर लागली ते लक्षात ठेवून परत तिथेच जिग ठेवता येते. बोटीवर मला तिचा खूप उपयोग झाला, जेटीवर नाही. पहाटे तिच्यातला निळा पट्टा पाण्यावर आला की परत तीच हिरवीची गत.

मग हिरवी कोणासाठी? जे लीडर बांधतच नाहीत, ब्रेड थेट गळाला बांधून जिवंत कोळंबी किंवा बोय टाकून बसतात, त्यांनी हिरवी घ्यावी. आणि मरळसाठी तळ्यात, पाणवनस्पतीत नकली बेडूक खेळवणाऱ्यांनी, तिथे सगळे थेटच बांधतात आणि हिरवी शोभते. जानेवारी-फेब्रुवारीत कातळावरून, जिथे तळातले दगड दिसतात इतकं पाणी स्वच्छ असतं, तिथेही मी अजून हिरवीच नेतो, पण लांब लीडरसकट. सुरमईचं मात्र वेगळं, तिचे दात दोरी कापतात म्हणून बारीक वायर लागतेच, आणि ती चमकणाऱ्या स्विव्हलवरसुद्धा (दोरी जोडायच्या फिरत्या कडीवर) तोंड मारते, काळं स्विव्हल वापरा.

ज्यांच्याकडे पिवळी आहे पण मनात शंका जात नाही त्यांच्यासाठी एक स्वस्त उपाय, दहा-वीस रुपयांचा काळा किंवा हिरवा पर्मनंट मार्कर घ्या आणि लीडरच्या गाठीच्या वरची दोन-तीन मीटर दोरी रंगवून टाका, प्रत्येक ट्रिपला परत. मी भांगेला हे करतो. एफजी गाठ (ब्रेड आणि लीडर जोडायची बारीक गाठ) नीट बांधली तर लीडर रॉडच्या रिंगमधून न अडकता येतो-जातो, नाहीतर दोन मीटरचा लीडर कास्ट करताना त्रास देतो, त्यामुळे रंगावर डोकं लावायच्या आधी ही गाठ घरी बसून शिका, मला आठवडा लागला होता.

तक्रार एकच, ती सगळ्याच रंगांबद्दल. या धाग्यात रंग आत मुरतच नाही, पॉलिथिलीन आहे ते, वरून लेप असतो, त्यामुळे पहिल्या दोन-तीन ट्रिपला बोटं पिवळी होतात आणि सीझनच्या शेवटी दोरी फिकट पडते. फिकट झाली म्हणजे ताकद गेली असं समजू नका, धागे फुलून केसाळ झालेत का ते बघा, तिथे कापा. एक स्वस्तातलं स्पूल मात्र मी एका दुकानातून 400 ला घेतलं होतं, त्यावर 40 पाउंड लिहिलेलं, जाडी पीई 4 सारखी आणि कोरडी असतानाच गाठीत तुटली, रंग सुरेख होता. रंग बघून दोरी घेऊ नका, जाडी बघा.

खाडीत उतरून कास्ट करणाऱ्यांना एक विनंती, वाशिष्ठीत मगरी आहेत, चिपळूणकडच्या भागात तर नक्की, पहाटे अंधारात गुडघाभर पाण्यात उभं राहू नका, जेटी किंवा बांधावरूनच टाका. आणि मीटरभराकडे गेलेला जिताडा जवळजवळ नेहमी मादी असतो, हा मासा आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो, त्यामुळे फार मोठा लागला तर फोटो काढून सोडून द्यायचा विचार करा. 2010 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या लेक मॉन्डुरनमध्ये 44.64 किलोचा लागला होता, इतके वाढतात ते, पण वाढू दिले तर.

सध्या माझ्या 4000 च्या रीलवर पिवळीच आहे, दुसरा सीझन चालू आहे. खाली आठ-दहा वेढे तंगूस घातलाय, नाहीतर ब्रेड गुळगुळीत स्पूलवर आख्खीच्या आख्खी घसरते. मागच्या महिन्यात वरची साठेक मीटर दोरी पार फिकट झाली होती म्हणून सगळी काढून उलटी भरली, आतली बाजू वर आली, आणि ती अजून दुकानातून आणल्यासारखी पिवळीधमक आहे.