अल्युमिनियमचं इनटेक मॅनिफोल्ड ७ महिने वापरलं, पावर वाढली का ते सांगतो

पहिले उत्तर सांगून देतो, मंग वाचायचं तर वाचा. इनटेक मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनच्या सिलिंडरात हवा नेणाऱ्या नळ्याईचा जोड. साधी बिनटर्बोची (टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) पेट्रोल गाडी असन, ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) अन सायलेन्सर कंपनीचंच असन, तर नुसतं अल्युमिनियमचं मॅनिफोल्ड लावून पावर वाढत नाई. माह्या गाडीची तर खालची ओढ, म्हणजे इंजिन कमी फेऱ्यावर असतानीची, उलट कमी झाली.

गाडी २०१३ ची, १२०० सीसी, चार सिलिंडर. नाव सांगत नाई, नाव घेतलं का त्या गाडीचे भक्त येतात भांडाले. आमचं गाव परतवाड्याकडं, संत्र्याचा बगीचा आहे, म्हणजे गाडी अर्धी डांबरावर अर्धी पांदणीवर, अन महिन्यातून एखांद्या वेळा चिखलदऱ्याचा घाट.

जुनं प्लॅस्टिकचं मॅनिफोल्ड तडकलं म्हणून हे सारं सुरू झालं. इतके वर्षं इंजिनच्या गरमीत राहून प्लॅस्टिक कडक होते, ब्रेक बूस्टरचा पाइप उपसाले मिस्त्रीनं जोर लावला अन ती नळीच कटकन हातात. ओरिजिनल साडेसात हजाराले सांगतलं. तितक्यात भाचा आला, तो पुण्याले शिकते, म्हणे मामा टाकतच आहे तर अल्युमिनियमचं टाका ना, पंधरा-वीस टक्के पावर वाढते, हे पाहा व्हिडिओ. मीई येडा, १६ हजाराचं बोलावलं. ओतीव नाई, पाइप कापून वेल्डिंग करून बनवलेलं.

दिसाले बाकी झकास होतं, टिगची वेल्डिंग अगदी माशाच्या खवल्यावानी. पण आत बोट घातलं तर वेल्डिंगचे गोळे लागले हाताले, ज्वारीच्या दाण्याएवढे. त्यातला एक जरी सुटून सिलिंडरमंदी गेला असता तर व्हॉल्वचं कामच होतं, अन लोहचुंबक फिरवून ते निंगत नाई, अल्युमिनियम चिकटतच नाई त्याले. गोल कानशीनं घासून, पेट्रोलनं धुवून, पंक्चरवाल्याच्या हवेनं फुकून मंगच लावलं. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी.

लावल्याबरोबर आयडल (गाडी उभी असतानीचे इंजिनचे मिनिटाचे फेरे) नाचाले लागला. ७०० वरून १४०० वर जाय अन परत खाली, चेक इंजिनचा लाइट चालू, स्कॅनरवर पी०१७१, म्हणजे मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी), कुठून तरी फालतूची हवा शिरून रायली. कार्ब क्लीनरचा स्प्रे गॅस्केटच्या कडेकडेनं मारत गेलो तर चौथ्या सिलिंडरजवळ इंजिनचा आवाज बदलला. खोलून पट्टी ठेवून पाह्यलं, फ्लॅंज (इंजिनले टेकणारी सपाट पट्टी) वाकडी, वेल्डिंगच्या गरमीनं खेचलेली. मंग खिडकीचा जाड काच ओट्यावर ठेवला, त्याच्यावर एमरी पेपर, अन फ्लॅंज आठच्या आकड्यासारखी फिरवत दोन घंटे घासली. मिस्त्रीनं पहिल्या वेळी बोल्टं एका कोपऱ्यातून आवळत नेले होते, ते बी चूक. मधातून सुरू करून बाहेर बाहेर जा लागते अन टॉर्क पान्यानंच (किती जोर लागला ते दाखवणारा पाना), अल्युमिनियमच्या हेडातले आटे लवकर मरतात.

त्याच्यानंतर पहिले पंधरा दिवस मी खूश. सगळ्याईले सांगत फिरलो का गाडी पळून रायली म्हणून. पण त्याच दिवशी थ्रॉटल बॉडी साफ केल्ती, चारही प्लग नवे टाकले होते, अन तडकलेल्या नळीची लीक बी गेल्ती, ते कोणाच्याच ध्यानात नाई.

पहिल्यांदा खटकलं ते घाटात. जिथं तिसऱ्यात आरामात चढे तिथं दुसरा टाका लागे. कारण नळ्याईची लांबी. विहिरीवरची मोटर बंद केली का पाइपातलं पाणी मागं येऊन धाडकन आदळते, आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. व्हॉल्व बंद झाला का नळीतल्या हवेचं बी तसंच, धक्का मागं जाते अन परत येते, अन बरोबर व्हॉल्व उघडायच्या टायमाले आला तर जास्तीची हवा आत ढकलते. नळी लांब असली का हा मेळ कमी आरपीएमवर (इंजिनच्या मिनिटाच्या फेऱ्यावर) जमते, आखूड असली का जास्तीवर. कंपनीच्या प्लॅस्टिकच्या नळ्या वळण घेत घेत दीड वीत होत्या, ह्याच्या एक वीत बी नाई. म्हणून समृद्धीवर ४५०० च्या वर गाडी थोडी मोकळी वाटे, ते खरं आहे. पण आपण ४५०० वर चालवतो केव्हा? बगीच्यातून बाजारात जातानी?

एप्रिल लागला अन खरी मजा सुरू झाली. जर्मनचा (अल्युमिनियमचा) गंज, म्हणजे भांडं, चुलीवरून उतरवून पाहा, कसा चटका देते, अल्युमिनियम प्लॅस्टिकपेक्षा शेकडो पट गरमी वाहते. माह्या गाडीत हवेच्या तापमानाचा सेन्सर मॅनिफोल्डवरच आहे. गाडीचे आकडे मोबाइलवर दाखवणारं ओबीडीचं ब्लूटूथ लावलं होतं. बाहेर ४३, रेल्वे फाटकावर पाच मिनिटं गाडी चालू ठेवून उभा, तर आकडा ७१ वर. फाटक उघडलं, क्लच सोडला, गाडी म्हशीवानी निंगाली. हवा १० डिग्रीनं तापली का जवळपास ३ टक्के पातळ होते, अन त्यात ईसीएम ठोका (पेट्रोल आत अवेळी पेटणं) येऊ नये म्हणून ठिणगीचं टायमिंग मागं घेते, म्हणजे दोन्हीकून मार.

मिस्त्री म्हणे जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्याईत धातूचंच राहे ना, काहीईत तर मुद्दाम रेडिएटरचं गरम पाणी फिरवत. हाव, पण तेव्हा पेट्रोल मॅनिफोल्डातून जाय, त्याची वाफ व्हा लागे. आता इंजेक्टर व्हॉल्वच्या तोंडाशी पेट्रोल मारते, मॅनिफोल्डातून निस्ती हवा जाते, ते थंड राह्यलेलंच बरं.

जूनमंदी ओरिजिनल प्लॅस्टिकचं आणून लावलं. तोच रस्ता, गाडीत तेच दोन माणसं, तिसऱ्या गिअरमंदी ३० ते ६०: अल्युमिनियमवर ८.१ सेकंद, प्लॅस्टिकवर ७.२. मोबाइलच्या घड्याळावरचे आकडे आहेत अन जूनमंदी हवा बी जराशी थंड होती, त्याच्यामुळं फार धरून नका बसू, पण पायाले फरक कळते. मायलेज १६ वरून साडेसतराच्या आसपास, पेट्रोल पंप तोच.

वस्तू खराब आहे असं नाई म्हणत. बिनटर्बोच्या गाडीले वरून टर्बो लावून दाब खूप वाढवला असन, तर तिचं प्लॅस्टिक फाटू शकते, तिथं मजबूत अल्युमिनियम कामाचं. कॅम (व्हॉल्व उघडणारा दांडा) बदलला, हेडाचं काम केलं, ईसीएम ट्यून केला अन इंजिन जास्ती आरपीएमवरच पळवायचं असन, तरी कामाचं आहे. माहं तिच्यातलं काहीच नव्हतं.

आता ते कोठ्यात फवारणीच्या पंपाजवळ पडलं आहे. भाचा म्हणे मामा मले द्या, मी टर्बो टाकणार आहे. म्हटलं पहिले गाडी तं घे.